दुष्काळी मुलूख आणि शासनाची बालसंरक्षण व्यवस्था : म्हसवड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकास, माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड हे सिद्धनाथाच्या रथोत्सवासाठी व घोंगड्यांसाठी सर्वपरिचित आहे. माण तालुक्यातील हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. पूर्वेस सोलापूर जिल्ह्याची व दक्षिणेस सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याची हद्द येथून जवळच आहे. जिल्ह्याचे मुख्यालय असलेले सातारा शहर मात्र ८० ते ९० किलोमीटर अंतरावर राहते. दुष्काळ, स्थलांतर आणि मुख्यालयापासूनचे अंतर या तीन गोष्टींनी या परिसरातील बालकांचे जीवन गेली दीडशे वर्षे घडविले आहे.

शासनाच्या बालसंरक्षण सेवांवर आज जो ताण दिसून येतो, त्याची कारणे सामान्यतः अपुरा निधी, रिक्त पदे व रखडलेली अनुदाने यांत शोधली जातात. ही कारणे खरीच आहेत. परंतु ती मूळ कारणे नव्हेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळ निवारणाच्या निमित्ताने शासन कुटुंबासह मुलापर्यंत पोहोचत होते. अपुरेपणाने, कंजूषपणे, पण गावाजवळ. १९२७ नंतर मात्र मुंबई शहरातील मुलासाठी घडविलेली न्यायालय व निवासी संस्थेची चौकट हळूहळू सर्व प्रांताला लागू झाली आणि मुलाला शासनाच्या दाराशी नेऊन उभे करावे लागू लागले. आजचा ताण या उलटलेल्या दिशेतून निर्माण झालेला आहे. म्हसवडसारख्या ठिकाणाहून पाहिले म्हणजे ही गोष्ट जितकी स्पष्ट होते, तितकी ती मुंबई-पुण्याहून होत नाही.

दुष्काळी कामावरील मूल

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने दख्खनचा पूर्व भाग होरपळून निघाला. सातारा जिल्ह्यात माण, खटाव, खानापूर व तासगाव या तालुक्यांस त्याची झळ विशेष पोहोचली. याच काळात माणगंगेवर म्हसवडजवळ मोठ्या तलावाचे काम दुष्काळी काम म्हणून सुरू झाले. आज राजेवाडीचा तलाव म्हणून तो ओळखला जातो. या तलावाच्या बांधावर माती वाहणाऱ्यांत पुरुष व स्त्रिया यांच्याबरोबर मुलेही होती, कारण दुष्काळी कामांवर मुलांच्या श्रमाची स्वतंत्र वर्गवारी करून त्यांना कमी दराने मजुरी देण्याची पद्धतच होती.

शासनाने मुलांची दखल घेण्याची या परिसरातील ही पहिली मोठी घटना म्हणता येईल. आधुनिक वाचकास ही दखल क्रूर वाटेल आणि ती तशी होतीही. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहामुळे मजुरीचे प्रमाण खाली आणले गेले, तेव्हा दख्खनमधील मजुरांनी कामांवर बहिष्कार टाकला व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्या वादात पौंडभर धान्यावर प्रौढ माणूस जगू शकतो की नाही, याची चर्चा भरपूर झाली. मुलाला काय लागते, हा प्रश्न मात्र आईबापांच्या मजुरीच्या हिशेबातच विरघळून गेला. सरकारी अहवालांत मूल आढळते ते 'मजूर' म्हणून किंवा 'अवलंबित' म्हणून. त्याला नाव नसते, गाव नसते. असतो तो केवळ आकडा. बालकांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास ही अडचण पावलोपावली जाणवते.

तथापि या व्यवस्थेत एक गोष्ट लक्षणीय होती. मूल कुटुंबापासून वेगळे काढले जात नव्हते. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर ज्या प्रांतिक दुष्काळ संहिता तयार झाल्या, त्यांत काम करू न शकणाऱ्यांस गावातच मोफत मदत द्यावी, मजुरांच्या लहान मुलांना कामाच्या ठिकाणी शिजविलेले अन्न अथवा भत्ता द्यावा, अशा तरतुदी होत्या. मदतीस पात्र असलेल्यांची यादी गावपातळीवर तयार होई. निराधार मुलांचा सांभाळ दुष्काळापुरता शासनाने करावयाचा आणि दुष्काळ सरताच त्यांना नातेवाइकांच्या, ते न मिळाल्यास स्वधर्मीयांच्या अथवा अनाथाश्रमांच्या स्वाधीन करावयाचे, असा सर्वसाधारण दंडक होता. म्हणजे शासनाची जबाबदारी पाऊस पडेपर्यंतच! मृगाच्या सरीबरोबर अनाथ मूल पुन्हा समाजाचे होई. त्याचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवण्याचे कारण शासनास उरत नसे.

धर्मादाय संस्था आणि शिक्षेची शाळा

शासनाने सोडलेली ही जागा समाजसुधारक व मिशनरी यांनी भरून काढली. म. जोतीराव फुले यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. म्हसवडला सर्वांत जवळचे केंद्र मात्र पंढरपूरचे. तेथे १८७५ मध्ये न्यायखात्यातील अधिकारी लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचे बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन झाले व लगेचच आलेल्या दुष्काळाने त्यास अनाथाश्रमाचेही रूप दिले. पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ते प्रसिद्धीस आले. साताऱ्याहून पंढरीकडे जाणारी वाट म्हसवडवरूनच जाते. सातारच्या पूर्वेकडील मुलुखास पंढरपूर हे प्रशासकीय दृष्ट्या परके, पण व्यवहाराने जवळचे होते. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांत व गुजरात येथून शेकडो निराधार मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. अमेरिकन मराठी मिशननेही दुष्काळातील अनाथांसाठी आश्रयस्थाने चालविली.

या सर्व प्रयत्नांत शासन प्रेक्षकाच्या भूमिकेत होते असे नव्हे. शासन त्याच वेळी दुसऱ्या प्रकारच्या मुलांकडे पाहत होते. १८५० चा ॲप्रेंटिसेस ॲक्ट, मुंबईत १८५७ मध्ये निघालेली डेव्हिड ससून औद्योगिक व सुधारशाळा, १८७६ व १८९७ चे सुधारशाळांविषयक कायदे ही मालिका गुन्हेगार किंवा गुन्हेगार होण्याच्या बेतात असलेल्या मुलासाठी होती. याच मालिकेचा अधिक कठोर भाग म्हणजे गुन्हेगार जमातींविषयीचे कायदे. १८७१ च्या मूळ कायद्यात १८९७ मध्ये दुरुस्ती झाली आणि ४ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याचा अधिकार शासनाकडे आला. १९११ च्या कायद्याने तो कायम ठेवला. सोलापूरची वसाहत ही दक्षिण महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या स्मृतीत आजही आहे. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला. परंतु गाडी आली की मुले लपवायची, ही सवय कायदा रद्द केल्याने जात नाही. भटक्या-विमुक्तांच्या पालांवर आज एखादा बालसंरक्षण अधिकारी चौकशीस गेला असता त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते, यामागे निरक्षरता आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. शासनाने मुले काढून नेल्याचा अनुभव या लोकांच्या गाठीशी आहे.

१९२४ चा कायदा आणि शहरी मुलाची प्रतिमा

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत अशी शिफारस केली. तदनुसार मद्रास प्रांताने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये व मुंबईने १९२४ मध्ये बालकांविषयीचे कायदे केले. मुंबईचा कायदा १९२७ मध्ये मुंबई शहरात अमलात आला आणि त्याच वर्षी चिल्ड्रेन्स एड सोसायटीची स्थापना झाली. डोंगरी-उमरखाडीचे रिमांड होम, बालन्यायालय, परिविक्षा अधिकारी व प्रमाणित शाळा असा संपूर्ण सांगाडा येथे उभा राहिला. देशातील अन्य प्रांतांच्या तुलनेत मुंबईची अंमलबजावणी निःसंशय सरस होती.

हा सांगाडा कोणत्या मुलासाठी उभारला होता, हे ध्यानी घेणे येथे आवश्यक आहे. गिरणगावात वाट चुकलेले, बोरीबंदरच्या फलाटावर उतरलेले, भीक मागणारे, वेश्यावस्तीत सापडलेले असे मूल कायदेकर्त्यांच्या नजरेसमोर होते. ते एकटे होते आणि रस्त्यावर होते, म्हणून ते पोलिसाला दिसत होते. पोलिसाने पाहिले, न्यायालयात उभे केले, संस्थेत पाठविले, असा हा क्रम. दुष्काळी गावातील मूल एकटे नसते. ते आजीजवळ असते, चुलत्याच्या घरी असते, मेंढरांमागे असते किंवा उसाच्या फडात असते. ते पोलिसाच्या नजरेस पडत नाही. हा कायदा शासन अधिसूचना काढील त्या क्षेत्रापुरताच लागू होत असल्याने ग्रामीण भाग बराच काळ त्याच्या बाहेर राहिला. १९४८ च्या मुंबई मुलांच्या अधिनियमानेही ही रीत कायम ठेवली.

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटनांमार्फत रिमांड होम सुरू झाली. ही महाराष्ट्राची एक खास पद्धत म्हणावी लागेल. शासकीय अधिकारी पदसिद्ध पदाधिकारी, शासनाचे अनुदान, पण कर्मचारी संघटनेचे. त्यामुळे कर्मचारी ना पूर्ण सरकारी, ना पूर्ण खाजगी. वेतन व निवृत्तिवेतनाचे त्यांचे प्रश्न याच संदिग्धतेतून जन्मले आहेत.

येथे सातारा जिल्ह्यापुरती एक वेगळी परंपरा नोंदवावी लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. गावोगाव फिरून त्यांनी हुशार पण निराधार, अर्धनिराधार मुले गोळा केली. लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगसाठी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. मुंबईत बालकांचा कायदा मंजूर झाला त्याच वर्षी साताऱ्यात हे बोर्डिंग निघाले, हा योगायोग बोलका आहे. मुंबईत निराधार मूल 'रिमांड' झाले, साताऱ्यात तेच मूल 'विद्यार्थी' झाले. त्याला संरक्षण मिळाले, पण त्यावर संरक्षणाचा शिक्का बसला नाही. दक्षिण महाराष्ट्रातील बालसंगोपनाचा इतिहास लिहिताना वसतिगृहांस वगळणे म्हणूनच अपुरेपणाचे ठरेल. अर्थात या वाटेने गेली ती बहुतांशी मुले. मुलींसाठी ही वाट उशिरा व अरुंद अशी उघडली.

सुकडी, रोजगार हमी आणि गावातले मूल

स्वातंत्र्यानंतर जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. औंध संस्थानात असलेला आटपाडीचा भाग तिकडे गेला, म्हसवड सातारा जिल्ह्यात राहिले. एकाच माणदेशाचे असे दोन जिल्हे झाले. बाजार, सोयरीक, मेंढरांच्या वाटा एकत्र राहिल्या. कचेऱ्या वेगळ्या झाल्या. बालसंरक्षणाच्या दृष्टीने या विभाजनाचे परिणाम पुढे दिसले.

१९७२ च्या दुष्काळात शासन पुन्हा एकदा मुलापर्यंत चालत आले. दुष्काळी कामे, खडी केंद्रे, पाझर तलाव, नालाबांध यांवर आया कामास जात व मुले झाडाच्या किंवा बैलगाडीच्या सावलीत टाकलेल्या झोळीत असत. सुकडीचे वाटप हे त्या पिढीच्या बालपणाचे अविभाज्य स्मरण आहे. सुकडीची चव सांगताना साठी-सत्तरीतील माणसे आजही थबकतात. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना विस्तारली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, सावली व लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी, ही तरतूद तिच्यात होती. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यातही सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर आल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी, असे म्हटले गेले. कागदावरची ही तरतूद प्रत्यक्षात क्वचितच उतरली. तरीसुद्धा दुष्काळ संहितेतील एक तत्त्व तिच्यात जिवंत राहिले : आईला काम मिळाले आणि मूल तिच्या डोळ्यांसमोर राहिले, तर संरक्षणाचा निम्मा प्रश्न सुटतो.

परंतु शासनाच्या दप्तरात रोजगार हमी हा महसूल व नियोजनाचा विषय राहिला, अंगणवाडी हा पोषणाचा, आणि 'बालसंरक्षण' हा समाजकल्याण खात्याच्या रिमांड होमचा. या तीन दप्तरांची गाठ पडली नाही.

म्हसवडच्या छावणीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात व पुन्हा २०१९ मध्ये येथे जनावरांच्या मोठ्या छावण्या चालल्या. १९९७ मध्ये महिलांची सहकारी बँक उभी करणाऱ्या चेतना गाला सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने त्यांत पुढाकार घेतला होता. जनावरांबरोबर कुटुंबेही छावणीत मुक्कामास आली. घरातील कर्ती माणसे छावणीवर आणि मुले गावी म्हाताऱ्यांजवळ, अशी विभागणी अनेक घरांत झाली. काही मुले छावणीतच राहिली. शासनाच्या छावणीच्या अनुदानाचे निकष तपासले असता मोठे जनावर व लहान जनावर असे दोन दर आढळतात. चारा, पेंड, पाणी यांची मोजदाद असते. तेथे राहणाऱ्या मुलाचा उल्लेख करण्यासाठी मात्र या हिशेबात रकाना नाही. १८७७ च्या दुष्काळी कामावर तो रकाना होता, भले तो मजुरीचा असो.

नवे कायदे, जुनी वाट

१९८६ मध्ये शीला बारसे यांच्या याचिकेमुळे तुरुंगातील मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात ऐरणीवर आला व त्याच वर्षी संपूर्ण देशासाठी बालन्याय अधिनियम मंजूर झाला. त्यानंतर २००० व २०१५ असे दोन अधिनियम आले. कायद्याच्या परिभाषेतील बदल अभ्यासनीय आहे. 'उपेक्षित बालक' ऐवजी 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' आले. बालगुन्हेगार जाऊन 'विधिसंघर्षग्रस्त बालक' आले. भाषा निश्चितच माणुसकीची झाली. निवासी संस्था हा शेवटचा उपाय असावा, हे तत्त्व २०१५ च्या अधिनियमाने स्पष्ट शब्दांत मान्य केले. प्रश्न आहे तो वाटेचा. २००० च्या अधिनियमाने बालकल्याण समिती आणली, २००६ च्या दुरुस्तीने ती प्रत्येक जिल्ह्यात असणे बंधनकारक केले. पण समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मूल २४ तासांच्या आत तिच्यापुढे हजर करावयाचे असते.

समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि महिन्यातून किमान २० दिवस तिने बैठक घ्यावी असा नियम आहे. सदस्य हे मानधनावर काम करणारे नागरिक होत. हरवलेले मूल, घरातून निघून गेलेली मुलगी, बालविवाह, लैंगिक अत्याचारातील पीडित बालक, दत्तकासाठी मुक्त करावयाचे अर्भक, संस्थेतील प्रत्येक प्रवेश व मुदतवाढ, शिवाय बालसंगोपन योजनेचा प्रत्येक आदेश, हे सारे एकाच समितीच्या मेजावर येते. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने नोंदणी होणाऱ्या प्रकरणांत भर पडली. ही भर इष्टच आहे, कारण पूर्वी ती प्रकरणे दाबली जात. परंतु त्या प्रमाणात मनुष्यबळ वाढले नाही. समित्यांतील रिक्त पदे वेळेत भरावीत, असे सर्वोच्च न्यायालयास फेब्रुवारी २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवरील निकालात बजावावे लागले.

२००९-१० पासून एकात्मिक बाल संरक्षण योजनेअंतर्गत जिल्हा बाल संरक्षण कक्ष स्थापन झाले. या कक्षाचा मूळ आकृतिबंध १२ पदांचा. त्यांत प्रत्यक्ष गावोगाव फिरण्यासाठी क्षेत्र कार्यकर्ते किती? दोन. सातारा जिल्ह्यात ११ तालुके आहेत व २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३० लाख. महाबळेश्वरच्या डोंगरापासून म्हसवडच्या माळापर्यंतच्या या जिल्ह्यासाठी दोन क्षेत्र कार्यकर्ते! कक्षाचे बहुतेक कर्मचारी कंत्राटी असतात. कंत्राटाच्या नूतनीकरणाची चिंता करणाऱ्या कर्मचाऱ्याकडून एखाद्या मुलाचा पाच-सात वर्षे पाठपुरावा व्हावा, ही अपेक्षा अवाजवी आहे. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती असावी असे योजनेत आहे. परंतु तिच्या हाती ना निधी, ना आदेशाचा अधिकार. १८८० नंतरच्या गावकामगार पाटलाकडे निदान यादी तयार करण्याचे काम तरी होते.

हद्दीचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. म्हसवडच्या आठवडे बाजारात सापडलेले आटपाडी तालुक्यातील मूल साताऱ्याच्या समितीपुढे जाते, तेथून कागदपत्रे सांगलीच्या समितीकडे जातात आणि पोचपावती येईपर्यंत मूल संस्थेत राहते. मुलाचे घर तीन-चार तासांच्या पायवाटेवर असते, कागद मात्र दोन जिल्हा मुख्यालये फिरून येतो. मेंढपाळ कुटुंबाच्या बाबतीत तर 'राहण्याचे ठिकाण' कोणते, हेच ठरविणे अवघड होते. पावसाळा सरल्यावर कळप घेऊन निघालेले कुटुंब वर्षातील कित्येक महिने गावाबाहेर असते. ऊसतोडणीस जाणाऱ्यांचेही तसेच. तोडणीच्या व्यवहारात पती-पत्नीची जोडी म्हणजे 'एक कोयता' अशी गणना होते. या गणनेचा एक परिणाम म्हणजे मुलींची लग्ने लवकर उरकण्याकडे कल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. खानापूर-आटपाडी-माण पट्ट्यातून देशभर पसरलेल्या सोने-चांदी गलाईच्या व्यवसायाने अनेक घरांना बरकत दिली, हे खरे. पण शाळा अर्धवट सोडून नातलगाच्या दुकानी आम्लाच्या धुरात हाताखाली काम करणारी मुलेही त्याच व्यवसायाने नेली. हे मूल दूरच्या प्रांतात असते, नातेवाइकाजवळ असते आणि म्हणून कोणत्याच समितीच्या यादीत नसते.

संस्थांच्या अनुदानाविषयी थोडक्यात नोंद पुरेशी आहे. एकात्मिक योजनेत एका मुलाच्या परिपोषणासाठी दरमहा २,००० व पुढे २,१६० रुपये धरले जात. मिशन वात्सल्य योजनेत ही रक्कम ३,००० झाली. अन्न, वस्त्र, औषध, शिक्षणसाहित्य हे सर्व त्यात बसवायचे. ही रक्कमही वेळेवर हाती येत नाही, ही स्वयंसेवी संस्थाचालकांची जुनी तक्रार. दुसरीकडे, देखरेखीअभावी काय घडू शकते, हे ठाणे व रायगड जिल्ह्यांतील मतिमंद मुलांच्या संस्थांच्या प्रकरणांनी २०१०-११ च्या सुमारास दाखवून दिले व मुंबई उच्च न्यायालयास स्वतःहून लक्ष घालावे लागले. निधी अपुरा द्यायचा आणि तपासणीही करायची नाही, या दोहोंचा एकत्र परिणाम मुलांवर होतो.

बालसंगोपन योजना : गावाकडे परतण्याचा प्रयत्न

संस्थेऐवजी कुटुंबात राहणाऱ्या मुलास मदत देणारी महाराष्ट्राची बालसंगोपन योजना ही या इतिहासातील महत्त्वाची कलाटणी आहे. अनाथ, एक पालक असलेले, आजारी किंवा कैदेतील पालकांचे मूल नातेवाइकाकडे राहत असल्यास त्याच्या सांभाळासाठी दरमहा रक्कम द्यावयाची, हे तिचे स्वरूप. दीर्घकाळ ही रक्कम ४२५ रुपये होती. २०२१ मध्ये ती १,१०० झाली व २०२३ मध्ये २,२५० झाली. योजनेस क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. तत्त्वतः पाहता ही गावातच मोफत मदत देण्याच्या जुन्या पद्धतीची सुधारित आवृत्ती आहे. मात्र ती दुष्काळापुरती नाही आणि उपकार म्हणून नाही, हा फरक मोलाचा आहे.

२०२१ मधील कोविडच्या दुसऱ्या लाटेत सातारा जिल्ह्यास मोठा तडाखा बसला. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांसाठी राज्य शासनाने ५ लाख रुपयांची मुदतठेव जाहीर केली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले गेले. एक पालक गमावलेल्या, बहुधा वडील गमावलेल्या मुलांची संख्या कितीतरी अधिक होती आणि त्यांचा भार बालसंगोपन योजनेवर आला. या काळात आशा, अंगणवाडी सेविका व ग्रामसेवक यांनी घरोघर जाऊन याद्या केल्या. म्हणजे शासनाने मनात आणले असता ते आजही मुलाच्या दाराशी जाऊ शकते, हे त्या वर्षाने दाखविले. संकट ओसरल्यावर मात्र पुन्हा अर्जाची वाट सुरू झाली. मृत्यूचे दाखले, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, शिधापत्रिका, आधार, बँक खाते, गृहभेटीचा अहवाल, समितीचा आदेश. नातवंडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आजीने तहसिलीच्या दाखल्यासाठी दहिवडीस आणि समितीच्या कामासाठी साताऱ्यास जायचे म्हणजे प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी बुडते व एसटीचे भाडे पडते. ज्या आजीकडे हे करण्याचे बळ नसते, तिच्याच घरी मदतीची निकड अधिक असते. मदत मंजूर झाल्यावरही रक्कम महिनोन्‌महिने थकते, या तक्रारी आहेतच.

२०२३ मध्ये बालकांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी स्वयंसेवी संस्थांकडून शासनाकडे आली व ११२ या सामायिक क्रमांकाशी जोडली गेली. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने तिचा प्रारंभ झाला, तेव्हा ती फलाटावरील मुलांसाठी होती. ऐकणारा बदलला असला, तरी दूरध्वनी करणारा कोणी असेल तरच ती चालते, ही तिची मर्यादा कायम आहे.

अनाथांसाठी नोकरी व शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१८ मध्ये घेतला. असा निर्णय घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता. पण आरंभीच्या निकषांनुसार ज्यांचे आईवडील, नातेवाईक व जात यांपैकी काहीच ठाऊक नाही अशा, म्हणजे मुख्यतः संस्थेत वाढलेल्या, मुलांनाच त्याचा लाभ होता. आईबाप गेल्यावर चुलत्याने किंवा आजीने वाढविलेले मूल शासनाच्या लेखी अनाथ नव्हते. २०२१ च्या सुधारित निर्णयाने त्यालाही अनाथ म्हणून स्थान मिळाले आणि २०२३ मध्ये 'संस्थात्मक' व 'संस्थाबाह्य' असे दोन प्रवर्ग करण्यात आले. दुष्काळी मुलुखातील बहुसंख्य निराधार मुले या दुसऱ्या प्रवर्गातील आहेत. त्यांच्या अनाथ प्रमाणपत्राचा प्रस्ताव गावातून जिल्हा कार्यालयात व तेथून पुण्याच्या विभागीय उपायुक्त कार्यालयात जातो. म्हसवडच्या अठरा वर्षांच्या मुलाने तो प्रस्ताव दाखल केला, की मृत आईबापांची नावे, त्यांच्या मृत्यूची तारीख व आपण कोणाच्या घरी वाढलो, हे त्याला पहिल्यांदाच सरकारी कागदावर लिहावे लागते.